काही न विचारण्याचे चार दिवस

बायलस, ३० ऑगस्ट

रोवेना,

घस्स. मग जरा थांबून पुन्हा घस्स. दगडावर दगड ओढल्याचा आवाज. साठ वर्षं झाली त्याला, पण आज सकाळी कॉफीचं भांडं चुलीवर ठेवताना तो असा स्पष्ट ऐकू आला की मी मागे वळून पाहिलं.

मी अकरा वर्षांचा होतो. उत्तरेकडच्या, गोऱ्यांच्या बोर्डिंग शाळेत दोन वर्षं काढून घरी आलो होतो. केस कापलेले, पायात चावणारे बूट, हातात पत्र्याची पेटी. कविता पाठ म्हणण्यात पहिला आलो म्हणून मिळालेला एक बिल्लाही त्या पेटीत होता. समुद्रावरची कविता. समुद्र मी अजून पाहिलेला नाही, पण ती आजही अडखळल्याशिवाय म्हणून दाखवीन. माझी आई मांडवाखाली पाट्यावर ओकच्या बिया वाटत बसली होती. तिने मान वर केली, मला पाहिलं, आणि ओठ पुढे काढून चुलीवरच्या भांड्याकडे दाखवलं. म्हणजे जेवून घे. आणि पुन्हा घस्स.

चार दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी मांडवाखाली झोपायचो, उठायचो, तिच्याजवळ बसायचो. ती वाटायची. चौथ्या दिवशी मीच म्हणालो, "तुझे हात दुखत नाहीत का?" आपल्याच भाषेत, पण चुका करत. तेव्हा तिने वरवंटा ठेवला, हात आपल्या लांब झग्याला पुसले आणि म्हणाली, "आलास?"

आपल्या जमातीत हे असंच असतं, ते तुला सांगायला नको. दूर जाऊन आलेलं माणूस कोण होऊन आलंय ते कळेपर्यंत बोलायचं नाही. आधी त्याने बोलायचं.

आणि मी काय केलं? चौदा वर्षांपूर्वी ग्लोब गावच्या बसथांब्यावर तू उतरलीस, लष्कराची हिरवी पिशवी खांद्यावर, आणि तिथून बायलसपर्यंत तासभर मी तुला प्रश्न विचारत होतो. तिकडे काय पाहिलंस? झोप येते का? तुझ्या आईच्या मातीला का आली नाहीस, रजा मागितली तरी होतीस का? तू खिडकीबाहेर बघत होतीस. मी म्हणालो, "बोल ना. बोललं की मोकळं वाटतं." ते वाक्य मी शिकवत असलेल्या पुस्तकातलं होतं.

आठवडाभराने तू निघून गेलीस. मी फार प्रश्न विचारले म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत आलोय.

हे पत्र एवढ्याचसाठी की एकदा घरी ये. तुझा पत्ता तुझ्या आत्याकडे, बर्नाडेटताईकडे आहे. ती मला तो दाखवत नाही. पाकीट बंद करून मी तिच्या हातात देतो, ती माझ्याकडे पाठ करून पत्ता घालते.

तुझा बाप,
विन्स्टन

बायलस, २१ सप्टेंबर

रोवेना,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललो नव्हतो, पण टपालपेटीपर्यंत रोज चालत जातो. गुडघ्यांना व्यायाम.

कॉलेज सुरू झालं. तू गेलीस तेव्हा कॉलेज नव्हतं, जुन्या शाळेत संध्याकाळचे वर्ग भरायचे. आता चार लांब पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यांतली तिसरी माझी. विषय तोच, संवादकौशल्य. एकाहत्तराव्या वर्षीही दुसरा कोणी मिळत नाही म्हणून मीच. पुस्तकही तेच, फक्त मुखपृष्ठावरची माणसं आता जास्त हसतात. भाषणाला शंभर गुण: डोळ्याला डोळा भिडवून बोलणे दहा, आवाज दहा, श्रोत्यांची जाण वीस, असं करत करत शंभर. हा विषय सुटल्याशिवाय पदविका मिळत नाही.

बर्नाडेटताईला या विषयाची फार मजा वाटते. परवा मी तिच्या दारात गेलो तर मुद्दाम उठून आली, माझा हात धरून पंप मारल्यासारखा हलवायला लागली.

"या या मित्रा! कसं काय? प्रकृती उत्तम ना? मन प्रसन्न आहे ना? बसा हो, बसा! काय घेणार? अरे, बसा म्हणतो ना!"

गोऱ्यांची नक्कल ती पोरवयापासून करते.

"पुरे, ताई."

"पुरे कसं? तू पोरांना हेच शिकवतोस ना, मास्तर? पगार घेऊन? मी फुकट शिकवते."

तिची सून आत हसून हसून खाली बसली.

यंदा वर्गात चौदा जण आहेत. पुढच्या बाकावर अर्लीन किचेयान म्हणून बाई बसते, बावन्न वर्षांची. वणवे विझवणाऱ्या तुकड्यांबरोबर वीस उन्हाळे स्वयंपाकी म्हणून डोंगर हिंडली. आता तिला बालवाडीत शिकवायचंय आणि त्याला पदविका लागते. सगळे विषय सुटले, एवढाच राहिलाय. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं. अर्लीन म्हणाली, "सर, इथे सगळे मला ओळखतात. तुम्हीही ओळखता. तुमच्या बहिणीच्या घराचं छप्पर माझ्या नवऱ्यानं घातलंय."

"तरी सांग. सराव म्हणून."

"मी अर्लीन. ते छप्पर गळतं, ते मला माहीत आहे."

वर्ग हसला. मी दहापैकी आठ गुण दिले. दोन डोळ्यांचे कापले, ती जमिनीकडे बघत होती.

विन्स्टन

बायलस, १९ ऑक्टोबर

रोवेना,

आज कपाट आवरलं. तू लष्करात असताना तिकडून, त्या वाळवंटातून लिहिलेली सगळी पत्रं खोक्यात आहेत. एकतीस. मी क्रमाने लावून ठेवली आहेत. तीस एका दोऱ्यात आणि एक वेगळं.

ते वेगळं का आहे ते लिहायला बसलो होतो, पण नको. आज नको.

इकडे थंडी सुरू झाली. टर्नबुल डोंगरावर सकाळी धुकं असतं. शाळेत धुक्यावरचीही एक कविता होती. म्हणणारा पोरगा मध्येच विसरला तर बाई त्याला खाली बसवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, कारण मला सगळ्यांच्या कविता पाठ असायच्या. मला फार आवडायचं ते. दुसरा गप्प झाला की आपण बोलायचं.

बर्नाडेटताई म्हणते तू ठीक आहेस. एवढंच म्हणते. "ठीक म्हणजे?" असं विचारलं तर म्हणते, "ठीक म्हणजे ठीक. तुझ्या पुस्तकात बघ."

विन्स्टन

बायलस, १६ नोव्हेंबर

रोवेना,

आज वर्गात अंतिम भाषणं होती. मी अजून रागात आहे, म्हणून लिहितो.

पाच पाच मिनिटांचं भाषण, विषय आपल्या आवडीचा. वर्गात केल्विन नावाचा चोवीस वर्षांचा पोरगा आहे. दहा दिवस आला नव्हता. त्याचा थोरला भाऊ महामार्गावर अपघातात गेला, त्याला मूठमाती देऊन आज पहिल्यांदा आला. मी विचार केला, पोराला बोलतं करावं. बोललं की हलकं होतं. म्हणून मी म्हणालो, "केल्विन, आज तू पहिला. कसा आहेस ते सांग वर्गाला."

तो हलला नाही. हातातल्या टोपीकडे बघत बसला. मी पुन्हा त्याचं नाव घेतलं.

तेवढ्यात अर्लीन उठली. मी बोलावलं नव्हतं. पुढे येऊन उभी राहिली, हातातले कागद घडी करून खिशात घातले, आणि गप्प. मी घड्याळ सुरू केलं. एक मिनिट. दोन. "अर्लीन, सुरुवात कर," मी म्हणालो. ती खाली बघत उभी. पाच मिनिटं झाली, जागेवर जाऊन बसली. तिच्यामागून एकेक करत आणखी चौघं उठले आणि तसेच उभे राहिले. पाच पाच मिनिटं. खोलीत फक्त हीटरची घरघर. कोणी हसलं नाही, कोणी फोन काढला नाही. तास संपला.

त्यांना माझी थट्टा करायची होती. बर्नाडेटताई करते तशी, पण तोंडावर. मी पाचही जणांना शून्य दिलं. अर्लीनची पदविका गेली, याचं वाईट वाटतं. पण नियम हा नियम.

विन्स्टन

बायलस, १७ नोव्हेंबर

रोवेना,

कालचं पत्र पाकिटात घातलंय, पण बंद केलेलं नाही. हेही त्यातच घालतो.

अर्लीन आज दुपारी इथे आली. पिकअप बाहेर उभी केली आणि आत बसून राहिली, आपल्याकडे बसतात तशी, घरातल्याने पाहीपर्यंत. मी दारात गेलो तेव्हा उतरली. कॉफी घेतली. बराच वेळ काही बोलली नाही. मी बोलणार होतो, पण का कोण जाणे, थांबलो.

मग ती म्हणाली, "सर, शून्याबद्दल मी आले नाही."

"मग?"

"केल्विनबद्दल. भाऊ जाऊन अजून दोन आठवडे झाले नाहीत. तुम्ही त्याचं नाव घेऊन उभं करत होता."

मी तिचा पेला पुन्हा भरला.

"मी बोलले असते तर काय बोलणार होते? शंभर माणसांना रस्सा कसा करायचा, हा माझा विषय होता. त्याच्यासमोर? आणि न बोलता खाली बसले असते तर तुम्ही पुन्हा त्यालाच बोलावलं असतं. म्हणून मी त्याची वेळ घेतली. बाकीच्यांनी उरलेली."

"मला वाटलं तुम्ही माझी चेष्टा करताय."

अर्लीनने माझ्याकडे एकदाच बघितलं. "सर, तुम्ही इथलेच ना? आम्हाला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही घड्याळ लावून मदत करताय."

रोवेना, वर्गातल्या चौदा जणांना कळलं होतं. ज्याचं माणूस गेलंय त्याच्याभोवती गप्प राहायचं, हे माझ्या आईने मला मी चालायला लागण्याआधी शिकवलं असेल. आणि मी हातात घड्याळ घेऊन बसलो होतो.

अर्लीन गेली आणि मी खोकं काढलं. ते एकतिसावं पत्र.

आता लिहितो. मी सगळ्यांना सांगितलं की मी फार प्रश्न विचारले म्हणून तू गेलीस. ते खोटं नाही, पण ते कारणही नाही. प्रश्न तू सहन केले असतेस. सहा दिवस केलेच होते. सातव्या दिवशी मी तुला संध्याकाळच्या वर्गाला घेऊन गेलो. "नुसती मागे बस," म्हणालो. तू मागच्या भिंतीला टेकून बसलीस. विषय होता, मनातलं शब्दांत कसं आणावं. आणि मी खिशातून तुझं पत्र काढलं.

त्यात तू लिहिलं होतंस की आई गेल्याची बातमी आली तेव्हा तू वायरलेसवर कामाला होतीस, आणि पुढचे सहा तास नकाशावरचे आकडे वाचत राहिलीस, आवाज न हलू देता, कारण पलीकडे माणसं त्या आकड्यांवर चालत होती. ते मी वाचलं. छान वाचलं. कविता म्हणायचो तसं, थांबायचं तिथे थांबून. वर्गातल्या दोन बायका डोळे पुसत होत्या आणि मला बरं वाटत होतं. माझ्या मुलीचं लिहिणं किती चांगलं आहे, आणि माझं वाचणं.

आणि शेवटी तू तिचं नाव लिहिलं होतंस. गेलेल्या माणसाचं नाव आपण घेत नाही. तू ते तोंडाने घेतलं नव्हतंस, कागदावर लिहिलं होतंस, एकदाच, हजारो मैल लांबून, फक्त मला. मी ते भर वर्गात मोठ्याने वाचलं. तोंडातून गेल्यावर मला कळलं. मी वर पाहिलं तर तुझी खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशीच्या बसने तू गेलीस. मी थांब्यावर आलो नाही. बर्नाडेटताई आली होती.

हे मी चौदा वर्षांत कुणालाच सांगितलं नाही. बर्नाडेटताईला माहीत आहे असं मला आज वाटतंय.

विन्स्टन

बायलस, २ डिसेंबर

रोवेना,

आधी वर्गाचं. मी कार्यालयात जाऊन पाचही शून्यं परत घेतली. डीन बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"मिस्टर टाल्गो, 'आवाज' या रकान्यात मी काय भरू?"

"भाषणं पुन्हा घेतो. तोवर रकाना मोकळा ठेवा."

"आणि 'श्रोत्यांची जाण'?"

"तिथे आत्ताच भरा. वीसपैकी वीस."

"पाचही जणांना?"

"पाचही जणांना. आणि शिकवणाऱ्यासाठी रकाना असेल तर तिथे शून्य."

त्या हसल्या नाहीत, पण भरलं त्यांनी.

मी वर्गाला सांगितलं की भाषणं होतील तेव्हा होतील. रोज तास भरायचा, आम्ही उतारे वाचायचो, कोणी कोणाला उभं करत नव्हतं. मंगळवारी केल्विनने टोपी काढली आणि म्हणाला, "त्या दिवशी अर्लीन काकू गप्प उभ्या होत्या ना, त्यांच्या पोटात गुरगुरत होतं. मी ऐकलं. पाच मिनिटं." सगळा वर्ग असा हसला की शेजारच्या खोलीतून गणिताचे सर बघायला आले. अर्लीन म्हणाली, "मेल्या, सकाळी नाश्ता केला नव्हता मी, तुझ्यासाठी!" मग ती उठली आणि शंभर माणसांच्या रश्श्यावर सात मिनिटं बोलली. डोळे जमिनीवरच. मी त्याचे गुण कापले नाहीत. तिची पदविका झाली. दोनेक आठवड्यांत ओकच्या बियांचं पीठ आणून देते म्हणाली.

आता तुझं. या पत्राबरोबर खोकंही पाठवतोय. तीस आणि ते एक, सगळी. ती तू मला लिहिली होतीस, पण ती जपायची लायकी मी घालवली. त्यांचं काय करायचं ते तू ठरव. जाळलीस तरी चालेल. मी नकला ठेवलेल्या नाहीत. पाठ आहेत त्या मात्र काढता येत नाहीत. पण त्या मी कुणासमोर म्हणणार नाही, एकटा असतानाही नाही.

ऑगस्टमध्ये मी 'एकदा घरी ये' असं लिहिलं होतं. ते मागे घेतो. तोही एक प्रश्नच होता, नुसता प्रश्नासारखा दिसत नव्हता एवढंच. यापुढे लिहिणार नाही. टपालपेटीपर्यंत चालत जाईन, ते गुडघ्यांसाठी.

बर्नाडेटताईने खोकं उचलून पाहिलं. "जड आहे," म्हणाली. तिने नक्कल केली नाही. माझ्याकडे पाठ न करता, समोरच तिने पत्ता घातला. मी दुसरीकडे बघितलं.

विन्स्टन

बायलस, १५ डिसेंबर, गुरुवार

रोवेना,

लिहिणार नाही म्हणालो होतो. पण हे पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. सवय आहे हाताला.

दुपारचे तीन वाजलेत. पहाटे पाऊस पडून गेला, आता ऊन आहे. अर्लीन पीठ घेऊन येणार आहे, म्हणून मी कॉफी चढवली. तिला कडक लागते.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. इंजिन बंद झालं. दार उघडल्याचा आवाज नाही. बसली असेल, आपल्याकडे बसतात तशी. मी जाऊन बघतो.

अर्लीनची गाडी नाही. तिच्या पिकअपला पुढे पोचा आहे. ही लहान राखाडी गाडी आहे, दुसऱ्या राज्याची पाटी, आणि काचेला लांबचा चिखल. मी पडद्याआडून पाहिलं. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर आहेत. केसांत पांढरं आलंय. शेजारच्या जागेवर खोकं आहे. दोरा मी बांधला होता तसाच.

शेजारी बर्नाडेटताईच्या मांडवाखाली पाटा सुरू झालाय. हिवाळ्यात, दुपारी तीनला. ओकच्या बिया तिने सप्टेंबरातच संपवल्यात. काय वाटतेय कोण जाणे. म्हणजे तिला माहीत होतं.

मी पाच मिनिटं इथेच टेबलाशी बसून राहिलो. घड्याळ न लावता.

आता दार उघडून ठेवलंय. कॉफीचे दोन पेले काढलेत. भांड्यात कालचा रस्सा आहे, तो गरम करतो. बाहेर जाऊन हात हलवणार नाही. कशी आहेस, कुठे होतीस, खोकं का परत आणलंस, किती दिवस राहणार, यातलं काहीच नाही. ओठांनी भांडं दाखवता येतं का ते बघतो. बऱ्याच वर्षांत केलेलं नाही.

आज गुरुवार. चार दिवस लागले तर सोमवार उजाडेल. आठ लागले तर आठ. मला घाई नाही. तू पहिला शब्द बोललीस की मी एकच विचारणार आहे, माझ्या आईने विचारलं होतं तेवढंच.

गाडीचं दार वाजलं. वाळूवरून पावलं येतायत. या पत्राला पत्ता लागणार नाही.

ती दारात उभी आहे. मी पेन ठेवतो.